हेरमान एबिंगहाउस : स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ

स्मरणशक्ती मोजता येते का? एकोणिसाव्या शतकात संवेदना मोजता येतील, स्मरण नाही, असा समज प्रबळ होता. तो खोडून काढला हेरमान एबिंगहाउस यांनी.

त्यांचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी जर्मनीतील बार्मेन येथे झाला. गुस्टाफ फेखनर यांनी संवेदनांचे केलेले मोजमाप वाचून तीच शिस्त स्मरणाला लावायचे त्यांनी ठरवले. प्रयोग करणारे तेच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तेही तेच.

ओळखीचे शब्द लवकर पाठ होतात. त्यामुळे निकाल बिघडू नये म्हणून त्यांनी व्यंजन-स्वर-व्यंजन अशा रचनेचे सुमारे २,३०० निरर्थक शब्दांश तयार केले. त्यांच्या याद्या घड्याळाच्या टिकटिकीच्या तालावर पाठ करायच्या, काही काळाने त्याच पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते मोजायचे. हीच 'बचत पद्धत'.

२० मिनिटांनंतर बचत सुमारे ५८ टक्के होती, एका दिवसाने ३४ टक्के आणि महिन्याने २१ टक्के. म्हणजे आपण सुरुवातीला झपाट्याने विसरतो, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. हा 'विस्मरणाचा आलेख' १८८५ साली त्यांच्या पुस्तकातून प्रसिद्ध झाला.

एकाच माणसावरचा प्रयोग ही त्याची मोठी मर्यादा. परंतु पद्धत इतकी काटेकोरपणे नोंदवलेली होती की २०१५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा आलेख जवळपास तसाच निघाला. एबिंगहाउस यांचे १९०९ मध्ये हाल्ले येथे निधन झाले.