जोसाया वेजवुड : भट्टीचा ताप मोजणारा कुंभार



गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची परीक्षा घेतल्याची गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. पक्कं मडकं कोणतं आणि कच्चं कोणतं, हे कुंभार वाजवून ओळखतो. पण इथे जरा थांबून विचार करा. मडकं वाजवून बघायचं ते भट्टीतून बाहेर आल्यावर. तोपर्यंत जे बिघडायचं ते बिघडून गेलेलं असतं. मग भाजणं चालू असतानाच आत काय चाललंय हे कळलं तर किती बरं होईल!

हाच प्रश्न १८ व्या शतकात इंग्लंडमधल्या एका कुंभाराला पडला होता. त्यांचे नाव जोसाया वेजवुड. आज धातूचे थ्री-डी प्रिंटिंग करणाऱ्या कारखान्यांतले इंजिनीअर याच प्रश्नाशी झगडत आहेत. म्हणून आजच्या लेखात वेजवुड यांचे चरित्र पाहू आणि ते प्रिंटिंगपर्यंत कसे येऊन पोहोचते तेही समजून घेऊ.

बालपण आणि आजारपण

जोसायाचा जन्म १७३० साली इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात, बर्स्लेम या गावी झाला. घराणे पिढीजात कुंभारांचे. घरात भावंडे पुष्कळ आणि हा सगळ्यांत धाकटा. तो नऊ वर्षांचा असतानाच वडील वारले. त्यानंतर काही वर्षांतच त्याला देवी आल्या. जीव वाचला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला.

१७४४ मध्ये तो थोरल्या भावाच्या हाताखाली रीतसर शिकाऊ कुंभार म्हणून लागला. पण तिथले चाक पायाने फिरवावे लागे आणि पाय तर साथ देईना. आता कुंभाराच्या मुलाला चाकच चालवता येत नसेल तर त्याने करायचं काय? जोसायाचे लक्ष हळूहळू दुसरीकडे वळले. माती कोणती, कशात किती मिसळायची, वरचा चकचकीत लेप कशाचा करायचा आणि भट्टीत त्याचे काय होते, याचा तो अभ्यास करू लागला.

प्रयोगांची वही

१७५४ मध्ये त्याने थॉमस व्हिल्डन या नामवंत कुंभाराशी भागीदारी केली. तिथेच त्याने प्रयोगांची वही ठेवायला सुरुवात केली. १७५९ मध्ये वेजवुड यांनी बर्स्लेममध्ये स्वतःचा कारखाना सुरू केला आणि वहीचे काम आणखी वाढले.

ही वही आपण शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. मातीचा एक छोटा तुकडा घ्यायचा, त्यावर क्रमांक घालायचा आणि तो भाजायचा. तोच क्रमांक वहीत लिहून पुढे मिश्रणाचे प्रमाण नोंदवायचे. इतकंच नाही, तर तुकडा भट्टीत वरच्या बाजूला ठेवला होता की आणखी कुठे, याच्याही खुणा ते लिहीत. कारण भट्टी एकच असली तरी आतला ताप सगळीकडे सारखा नसतो. आपण तव्यावर भाकरी फिरवत का राहतो? मधली आच वेगळी आणि कडेची वेगळी, म्हणूनच ना! असे हजारो तुकडे त्यांनी भाजले. फसलेल्या तुकड्यांचीसुद्धा नोंद ठेवली.

राणीची भांडी

या मेहनतीतून मलईच्या रंगाची, हलकी आणि स्वच्छ दिसणारी भांडी तयार झाली. १७६५ मध्ये राणी शार्लट यांच्याकडून चहाच्या संचाची मागणी आली. पुढे ही भांडी 'राणीची भांडी' म्हणूनच ओळखली जाऊ लागली. रशियाच्या सम्राज्ञी कॅथरिन यांच्यासाठी केलेल्या संचात तर ९०० हून अधिक भांडी होती.

मोठ्या मागणीबरोबर नवी अडचण आली. एक सुंदर बशी कोणीही चांगला कारागीर घडवेल. पण शंभरावी बशी पहिल्या बशीसारखीच हवी, रंगही तोच हवा आणि आकारही तोच. मातीचे भांडे भाजताना आकसते. ताप कमी पडला तर भांडे कच्चे राहते, जास्त झाला तर वाकते किंवा त्यावर फोड येतात. भट्टी लावणारा माणूस जाळाचा रंग बघून अंदाज करायचा. त्याचा अंदाज चुकला की अनेक हातांची कित्येक दिवसांची मेहनत एका रात्रीत वाया जायची.

पाय गेला, काम थांबले नाही

१७६८ च्या मे महिन्यात अधू पायाचा त्रास इतका वाढला की तो कापावा लागला. भूल देण्याची औषधे तेव्हा नव्हती, ती वैद्यकात यायला अजून ७०-८० वर्षे होती. वेजवुड यांनी ती शस्त्रक्रिया शुद्धीत सोसली आणि पुढचे आयुष्य लाकडी पायावर काढले. वर्षभरातच, जून १७६९ मध्ये, त्यांनी 'एट्रुरिया' नावाचा नवा मोठा कारखाना सुरू केला. त्यांचे मित्र थॉमस बेंटली यात भागीदार होते. तिथे कामाची विभागणी होती, वेळेची शिस्त होती आणि मालावर नावाचा शिक्का होता. सदोष भांडे दिसले की वेजवुड लाकडी पायाने ते फोडून टाकत, अशी एक आख्यायिकाही सांगितली जाते.

बर्स्लेमच्या खडबडीत रस्त्यांवरून भांडी नेताना फुटत, म्हणून ट्रेंट-मर्सी कालवा व्हावा यासाठी ते झटले. १७७७ मध्ये तो पूर्ण झाला. गुलामगिरीच्या विरोधातही ते उभे राहिले. १७८७ मध्ये त्यांनी साखळदंडातील माणसाचे चित्र असलेली पदके बनवून फुकट वाटली.

ताप मोजणारे मातीचे तुकडे

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. भट्टीचा ताप मोजायचा तर तापमापक का नाही वापरायचा? कारण पाऱ्याचा तापमापक तिथे टिकतच नाही. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो आणि अशा भट्ट्यांतला ताप तर १००० अंशांच्याही पुढे जातो.

वेजवुड यांनी शत्रूलाच कामाला लावले. माती भाजताना आकसते, हीच तर डोकेदुखी होती. त्यांनी विचार केला, की जास्त तापात ती जास्त आकसते, मग आकसणेच का मोजू नये? त्यांनी चिनीमातीचे ठरावीक मापाचे छोटे तुकडे बनवले. पितळेच्या दोन सरळ पट्ट्या अशा बसवल्या की त्यांच्यातली फट एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद. तुकडा भांड्यांसोबत भट्टीत ठेवायचा, काढून थंड करायचा आणि फटीत सरकवायचा. जितका जास्त आकसला असेल तितका तो पुढे जाईल. जिथे अडकेल तिथला आकडा वाचायचा.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच! १७८२ मध्ये त्यांनी ही पद्धत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली आणि १७८३ मध्ये तिथे त्यांची सदस्य म्हणून निवड झाली.

आकडे चुकले, तरी उपयोग झाला

मित्रांनो, चरित्रात फक्त यशच सांगितलं तर मुलांना अर्धीच गोष्ट कळते. १७८४ मध्ये वेजवुड यांनी आपले अंश फॅरनहाइटशी जोडून दाखवले आणि तिथे मोठी गडबड झाली. त्यांच्या हिशोबाने बिडाचे लोखंड वितळायला १७,९७७ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास १०,००० अंश सेल्सिअस लागत होते. प्रत्यक्षात ते सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला वितळते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमानच साधारण ५,५०० अंश आहे. म्हणजे हिशोब किती भरकटला ते बघा!

असे का झाले? एक तर माती प्रत्येक अंशाला सारख्याच प्रमाणात आकसत नाही. दुसरे म्हणजे ती नुसत्या तापावर नाही, तर किती वेळ भाजली यावरही आकसते.

पण कुंभाराच्या दृष्टीने पाहा. खरे तापमान किती, हा त्याचा रोजचा प्रश्न नाहीच. मागच्या वेळी भांडी उत्तम झाली, तेव्हा तुकडा ज्या खुणेवर अडकला होता, त्याच खुणेवर आजही अडकला का? एवढं कळलं की त्याचं काम झालं. भांड्यालाही ताप आणि वेळ दोन्ही लागतात आणि तुकडाही दोन्हींचा हिशोब ठेवतो. आजही कुंभारकलेच्या भट्ट्यांत ठरावीक तापाला वाकणारे मातीचे शंकू ठेवतात, ते याच विचारातून.

वेजवुड यांचे निधन ३ जानेवारी १७९५ रोजी झाले. त्यांची मुलगी सुझाना ही चार्ल्स डार्विन यांची आई. मुलगा थॉमस याने १७९२ मध्ये नोंदवले की वेगवेगळे पदार्थ तापवले तरी ते सारख्याच तापमानाला लाल दिसू लागतात. म्हणजे वस्तूला हात न लावता तिच्या उजेडावरून ताप ओळखण्याची वाट दिसू लागली होती.

आजची भट्टी : केसाएवढा थर

आता आजच्या कारखान्यात चला. धातूच्या थ्री-डी प्रिंटिंगच्या एका प्रमुख पद्धतीत धातूची बारीक पूड पसरतात. एक थर साधारण केसाच्या जाडीचा किंवा त्याहूनही पातळ. लेझरचा किरण हवा तेवढाच भाग वितळवतो. मग त्यावर दुसरा थर, परत लेझर. असे हजारो थर साचून एक वस्तू तयार होते. विमानाच्या इंजिनात इंधन फवारणारे भागही आता असे बनतात.

वितळलेल्या धातूचा तो ठिपका अगदी इवलासा असतो, क्षणात वितळतो आणि क्षणात गोठतो. उष्णता कमी पडली तर पूड नीट जुळत नाही आणि फटी राहतात. जास्त झाली तर धातूची वाफ होऊन आत पोकळ्या अडकतात. वरून वस्तू चकाचक दिसते, दोष मात्र पोटात. विमानाच्या भागात असा दोष राहणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ. गोरोबाकाकांसारखे नुसते वाजवून तिथे भागत नाही.

म्हणून काम चालू असतानाच त्या ठिपक्यावर नजर ठेवतात. प्रकाश टिपणारे सेन्सर आणि उष्णता पाहणारे इन्फ्रारेड कॅमेरे प्रत्येक थराची नोंद करतात. गंमत म्हणजे वेजवुड यांची अडचण इथेही आहे. धातूची पूड, वितळलेला धातू आणि गोठलेला धातू एकाच तापमानाला असले तरी सारखा उजेड फेकत नाहीत. त्यामुळे सेन्सरचा आकडा म्हणजेच खरे तापमान, असे डोळे झाकून म्हणता येत नाही. मग चांगल्या निघालेल्या वस्तूच्या नोंदी समोर ठेवतात आणि आजच्या नोंदी त्यांच्याशी ताडून बघतात. कुठे वेगळेपणा दिसला की त्या थराची कसून तपासणी होते.

आणि आणखी एक. खऱ्या वस्तूच्या शेजारी त्याच पुडीतून, त्याच वेळी काही साधे नमुन्याचे तुकडे छापतात. नंतर ते ओढून, तोडून, कापून बघतात. भांड्यांसोबत भट्टीत ठेवलेला वेजवुड यांचा तुकडा आठवला ना?

वर्गासाठी छोटा उपक्रम

साधी चिकणमाती घ्या. १५ सेंटिमीटर लांबीच्या सारख्या जाडीच्या तीन पट्ट्या मुलांकडून करून घ्या. प्रत्येकीवर बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा ओढा. पट्ट्यांना क्रमांक द्या. एक सावलीत, एक उन्हात ठेवा, तिसरीच्या मातीत थोडी वाळू मिसळा आणि ती सावलीतच ठेवा. रोज ठरलेल्या वेळी रेघांमधले अंतर मोजून वहीत लिहायला सांगा. भट्टीतले आकसणे आणि वाळताना होणारे आकसणे यांची कारणे वेगळी आहेत, हे मुलांना जरूर सांगा. पण मोजण्याची आणि नोंद ठेवण्याची सवय तीच. पट्टी तडकली तरी टाकू नका, तिचीही नोंद हवी.

आपण शिक्षक आकारिक मूल्यमापन आणि संकलित मूल्यमापन असे शब्द रोज वापरतो. सत्राच्या शेवटची परीक्षा म्हणजे भाजलेलं मडकं वाजवून पाहणं. तीही हवीच. पण मूल शिकत असतानाच कुठे अडलंय हे दिसलं, तर अजून काही करता येतं. पालकांनो, मुलाच्या वहीतला खाडाखोड केलेला पानभर हिशोब याच नजरेने एकदा बघा. शेवटचा गुण जे सांगत नाही, ते बऱ्याचदा त्या पानावर लिहिलेलं असतं.

उपक्रम करून पाहिलात तर तुमच्या वर्गातल्या पट्ट्या किती आकसल्या ते नक्की कळवा.