रेव्ह. गॉर्डन हॉल व एकच बाप्तिस्मा

एका मंडळींतून दुसरींत जाणाऱ्यानें पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा काय, हा प्रश्न सिंदी मेघेसारख्या गांवांतील उपदेशकांसमोर येतो. महाराष्ट्रांत पहिल्यानें आलेल्या अमेरिकन मिशनरींपैकीं रेव्ह. गॉर्डन हॉल यांच्यासमोरही तो आला होता.

त्यांचा जन्म ८ एप्रिल १७८४ रोजीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांत टॉलंड गांवीं झाला. ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलम येथें हॉल, जडसन, न्यूवेल, नॉट व राइस या पांच तरुणांस हिंदुस्थानांतील सेवेकरितां दीक्षा मिळाली, व ते दोन जहाजांतून निघाले. या सर्वांच्या मंडळ्या बालकांस बाप्तिस्मा देत. परंतु श्रीरामपूरचे मिशनरी केवळ विश्वास पत्करलेल्या प्रौढांसच पाण्यांत बुडवून बाप्तिस्मा देतात, हें जाणून जडसन यांनीं प्रवासांत शास्त्राचा शोध केला व त्यांचें मत पालटलें. ६ सप्टेंबर १८१२ रोजीं कलकत्त्यास ते व त्यांची पत्नी यांनीं विल्यम वॉर्ड यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. नोव्हेंबरांत हॉल यांच्याच जहाजानें आलेले राइस यांनींही तसेंच केलें. परक्या देशांत सोबती असे दुरावले, आणि सरकार तर परत जाण्याचा हुकूम देत होतें!

हॉल मात्र आपल्या मतावर स्थिर राहिले. फेब्रुवारी १८१३ मध्यें ते नॉट यांजबरोबर मुंबईस पोहोंचले. तेथेंही हद्दपारीचें संकट होतें. पण अखेरीस राहण्याची परवानगी मिळाली. त्यांनीं मराठी शिकून घेतली, शाळा काढल्या व नव्या कराराच्या भाषांतरास हात घातला. १८२६ च्या मार्चांत ते नाशकास गेले, तेव्हां तेथें पटकी चालू होती. त्यांनीं रोग्यांस औषध दिलें. परततांना त्याच रोगानें गांठून २० मार्च रोजीं एका खेड्यांत त्यांचा अंत झाला. वय अवघें ४१ वर्षांचें होतें. मराठी नवा करार त्याच सालीं प्रसिद्ध झाला.

आतां यांत दोन बाप्तिस्मे कोणीं मानिले? कोणींच नाहीं. जडसन यांच्या मतें विश्वासावांचून झालेला बालपणींचा विधि बाप्तिस्माच नव्हता. हॉल यांच्या मंडळीचा विश्वास असा कीं देवाचें अभिवचन विश्वासणाऱ्यांच्या लेंकरांसही आहे, म्हणून तो पुरा आहे. वाद होता तो खरा बाप्तिस्मा कोणता याविषयीं. तो एकच आहे, याविषयीं दोघेही एकमत होते.

हा वाद ज्या मंडळ्यांत होता, त्यांपैकीं पुष्कळ मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजीं आपल्या शेजारच्या नागपुरांत एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें. तेथें बालकांचा व प्रौढांचा असे दोन्ही प्रकार मान्य झाले. परंतु एकदां झालेला बाप्तिस्मा पुन्हा होऊं नये, असेंच ठरलें.

म्हणून जो मागें पडून परत येतो त्यानें पश्चात्ताप करावा, पाप कबूल करावें व प्रभुभोजनास यावें. घर सोडून गेलेला पुत्र परत आल्यावर त्याचें पुन्हा बारसें करीत नाहींत. त्यास पंक्तीस बसवितात. ज्याचें मत जडसन यांच्यासारखें आहे त्याचा उपहासही करूं नये. प्रभूनें ब्रह्मदेशांत जडसन यांच्या व महाराष्ट्रांत हॉल यांच्या हातून काम करून घेतलें.