घरांच्या मधोमध बाग

पॅट्रिक गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. जन्म स्कॉटलंडचा, १८५४ चा. लंडनमध्ये थॉमस हक्स्ली यांच्याकडे ते शिकले. मेक्सिकोत असताना काही काळ त्यांची दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शकाचे काम झेपेनासे झाले. मग त्यांचे लक्ष माणसांच्या वस्त्यांकडे वळले.

१८८६ मध्ये ते पत्नी ॲनासह एडिंबराच्या जुन्या, दाट वस्तीत राहायला गेले. सरसकट पाडापाडी त्यांना मान्य नव्हती. शस्त्रक्रियेत खराब तेवढाच भाग काढतात, तशा मोडकळीला आलेल्या तेवढ्याच इमारती काढायच्या आणि मोकळ्या जागेत बाग करायची, ही त्यांची रीत.

१९१४ मध्ये ते भारतात आले. १९१७ मध्ये मुलगा महायुद्धात मारला गेला. त्याच वर्षी ॲना कोलकात्यात तापाने वारल्या. तरी त्यांनी काम सोडले नाही. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

१९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला. मोठ्या रस्त्यांवर दुकाने, आत शांत गल्ल्या व घरे आणि घरांच्या मधोमध सार्वजनिक बाग. मुलांना, वृद्धांना बागेत जायला वाहनांचा रस्ता ओलांडायला नको. सगळ्या बागा प्रत्यक्षात आल्या नाहीत, पण रचना टिकली. १९३२ मध्ये गेडिस फ्रान्समध्ये वारले.

मधुमेहाच्या रुग्णांना आम्ही रोज चालायला सांगतो. कुठे चालायचे, हे मात्र वस्तीचा नकाशा ठरवतो. बाग उरलेल्या कोपऱ्यात ढकलली, तर तो सल्ला कागदावरच राहतो.