हलक्या गाडीचा कारागीर : कॉलिन चॅपमन

मोटारींच्या शर्यतीत जिंकणाऱ्या चालकाचे नाव सर्वांच्या लक्षात राहते. ती गाडी कोणी घडवली हे फारसे कोणी विचारत नाही. याला अपवाद ठरला इंग्लंडचा कॉलिन चॅपमन. त्याच्या गाड्यांचे नाव 'लोटस', म्हणजे आपले कमळ. त्याच्या हयातीत लोटसने फॉर्म्युला वनमध्ये गाडीच्या निर्मात्याचे जागतिक विजेतेपद ७ वेळा मिळवले. गाडीतून आणखी काय कमी करता येईल, हा एकच प्रश्न या माणसाने जन्मभर विचारला. त्याच प्रश्नाने त्याला मोठे केले आणि त्याच प्रश्नाची किंमत इतरांना मोजावी लागली.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. वडिलांचे उत्तर लंडनमध्ये हॉर्न्सी भागात हॉटेल होते. कॉलेजात त्याचा विषय मोटारीचा नव्हताच. पूल, इमारती यांच्यावर भार कसा येतो आणि तो कुठून कुठे जातो, त्याचे शिक्षण त्याने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये घेतले. तिथेच तो विमान चालवायलाही शिकला. शिकत असताना मित्राबरोबर जुन्या गाड्या विकण्याचा जोडधंदा चालू होता. १९४७ मध्ये इंग्लंडात खासगी गाड्यांना मिळणारे पेट्रोलचे रेशन बंद झाले, गिऱ्हाईक तुटले आणि एक जुनी ऑस्टिन सेव्हन गळ्यात पडली. ती खोलून, विमानाच्या पद्धतीने प्लायवुड आणि ॲल्युमिनियम वापरून त्याने नवी गाडी बांधली. हीच पहिली लोटस. हेझल विल्यम्स या त्याच्या मैत्रिणीच्या वडिलांचे गॅरेज हा त्याचा कारखाना.

१९५२ मध्ये त्याने कंपनी काढली ती हेझलने दिलेल्या २५ पौंडांवर. वडिलांच्या हॉटेलमागचा तबेला हे वर्कशॉप. दिवसा ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी आणि रात्री गाड्या, असा क्रम काही वर्षे चालला. १९५४ मध्ये हेझलशी लग्न झाले.

त्याच्या सुरुवातीच्या यशस्वी गाडीचा, मार्क सिक्सचा, सांगाडा बारीक पोलादी नळ्यांचा होता. त्यामागचे तत्त्व आपल्या गणपतीचा मंडप बांधणाऱ्यालाही ठाऊक असते. चार बांबूंची चौकट ढकलली तर कलते, पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका बांबू बांधला की जागची हलत नाही. असे त्रिकोण जोडत गेले की कमी लोखंडात भक्कम सांगाडा तयार होतो.

सांगाडा एवढा ताठ कशाला हवा? वळणावर गाडीचा भार एका बाजूला जातो. त्या वेळी सांगाडाच पिळवटला, तर चाक कोणत्या कोनात रस्त्यावर टेकेल याचा भरवसा राहत नाही. मग सस्पेन्शन कितीही चांगले बनवा, उपयोग नाही. त्या काळी शर्यतीच्या गाडीला कडक स्प्रिंग घालण्याकडे अनेकांचा कल असे. चॅपमनने उलट केले : सांगाडा ताठ आणि स्प्रिंग मऊ. त्यामुळे खाचखळग्यातही चाक रस्ता सोडत नसे.

दुसरे त्याचे वैशिष्ट्य म्हणजे एका भागाकडून दोन कामे करून घेणे. १९५७ च्या लोटस १२ मध्ये मागच्या चाकाला फिरवणारा दांडाच चाकाला जागेवर धरून ठेवणारा खालचा आधार झाला. एक सुटा भाग वाचला, तेवढे वजन गेले. हे सस्पेन्शन आजही चॅपमनच्या नावाने ओळखले जाते.

१९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला. ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या दोन लांब पेट्या दोन्ही बाजूंना, मध्ये चालक, पेट्यांच्या पोटात पेट्रोल. पत्र्याचे अंग हाच सांगाडा. गाडी हलकीही झाली आणि अधिक ताठही. तीच घेऊन स्कॉटलंडचा जिम क्लार्क १९६३ मध्ये विश्वविजेता झाला. १९६५ मध्ये क्लार्कने पुन्हा विश्वविजेतेपद मिळवले आणि अमेरिकेतली इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही जिंकली.

१९६७ मध्ये लोटस ४९ आली. एरवी इंजिन धरायला आणि मागची चाके जोडायला मागे वेगळी चौकट लागते. चॅपमनने गाडीचे धड चालकाच्या पाठीशीच संपवले. कॉसवर्थ कंपनीचे नवे इंजिन त्याला बोल्टने जोडले आणि मागच्या सस्पेन्शनचा भार इंजिन-गिअरबॉक्सवरच टाकला. इंजिनाने भार पेलण्याची कल्पना पूर्वी इतरांनी आजमावली होती, पण इतक्या नेटकेपणाने कोणाला साधली नव्हती. हॉलंडमध्ये पहिल्याच शर्यतीत क्लार्क ती घेऊन जिंकला. मग इतर निर्मात्यांनीही हीच रचना उचलली.

आता दुसरी बाजू. मे १९६० मध्ये स्टर्लिंग मॉसने मोनॅकोत लोटसला फॉर्म्युला वनमधला पहिला विजय मिळवून दिला. पुढच्याच महिन्यात बेल्जियममध्ये सरावात त्याच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. त्याच सरावात दुसऱ्या चालकाच्या लोटसचे स्टिअरिंग तुटले. त्या चालकाने कंपनीला कोर्टात खेचले. गाडीचे भाग बारीक करत जायचे तर कुठे थांबायचे, हा प्रश्न तेव्हाच पुढे उभा होता.

एप्रिल १९६८ मध्ये हॉकेनहाइम येथे लोटस चालवताना क्लार्क गेला. जिवलग मित्र गेल्याने चॅपमन खचला. पण पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये स्पेनला, थेट सस्पेन्शनवर उभे केलेले उंच पंख कोसळून लोटसच्या दोन्ही गाड्या आदळल्या. जखमी झालेल्या योखेन रिंडटने चॅपमनला पत्र लिहून, थोडे वजन वाढले तरी चालेल पण कमकुवत भाग मजबूत करा, अशी विनवणी केली.

पुढची लोटस ७२ विलक्षण होती. तिचे ब्रेक चाकात नव्हते, गाडीच्या धडात होते, म्हणजे चाकाबरोबर वर-खाली होणारे वजन कमी. ब्रेक आणि चाक यांना जोडणारा एक दांडा मात्र लागे. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोन्झा येथे सरावात ब्रेक लावताना पुढचा असाच दांडा तुटला आणि रिंडट मृत्यू पावला. चौकशीत रस्त्याकडेचे लोखंडी कठडे नीट बसवले नव्हते हेही पुढे आले, आणि चॅपमन खटल्यातून सुटला. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद रिंडटला मरणोत्तर मिळाले.

तरीही चॅपमनची प्रतिभा आटली नाही. गाडीच्या पोटाखालून वाहणाऱ्या हवेनेच गाडी रस्त्याला दाबून धरायची, ही युक्ती वापरून लोटस ७९ ने १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्तीला विश्वविजेता केले. १६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराने चॅपमनचे निधन झाले. डीलोरियन मोटार प्रकरणातल्या पैशांच्या अफरातफरीचा डागही त्याच्या नावाला लागला.

आपल्या इंदूरजवळ पीथमपूरला इंजिनिअरिंगचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन 'बाहा' स्पर्धेला येतात. नळ्यांचा सांगाडा, त्यातले त्रिकोण, सस्पेन्शनचे दांडे सगळे त्यांनीच वेल्डिंग करून जोडलेले असते. शर्यतीआधी परीक्षक गाडी तपासतात आणि कच्ची गाडी सोडत नाहीत. मुलांना तो वेळेचा खोळंबा वाटतो. त्यांनी चॅपमनकडून वजन कमी करण्याची कला जरूर शिकावी. पण रिंडटचे पत्रही ध्यानात ठेवावे. आत बसणारा आपलाच मित्र असतो.