डॉ. होमी भाभा : विज्ञान आणि सार्वजनिक निधी

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव घेतले की तुर्भ्याची अणुभट्टी डोळ्यांसमोर येते. त्यांच्या चरित्राला आणखी एक बाजू आहे आणि प्रस्तुत पाठात तिचाच प्रामुख्याने विचार केला आहे. ज्या संशोधनाचे फळ दहा-वीस वर्षे दृष्टीस पडणार नाही, ज्याची यंत्रसामग्री एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा धनिकाच्या आवाक्यातली नाही, अशा संशोधनासाठी नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, अन्नधान्याचीही चणचण असलेल्या देशाच्या सरकारने पैसा का द्यावा? आणि दिलाच तर त्याचा हिशेब कोणी, कोणाला द्यावा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भाभांनी आपल्या कर्तृत्वाने दिले. दुसरा मात्र त्यांच्या हयातीतच वादाचा विषय झाला.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे कायदेपंडित आणि टाटा उद्योगसमूहाशी निगडित. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. त्यामुळे पोलादाचा कारखाना, सह्याद्रीच्या पाण्यावर चालणारी वीजकेंद्रे, बंगळूरची विज्ञान संस्था यांविषयीची बोलणी या मुलाच्या कानांवर लहानपणापासून पडत होती. मोठी कामे मोठ्या भांडवलाने आणि दीर्घ धीराने उभी राहतात, हा संस्कार त्यांना घरातच मिळाला असे म्हणता येईल. चित्रकला आणि पाश्चात्त्य संगीत यांची गोडीही याच घराची देणगी होय.

१९२७ साली ते केंब्रिजला गेले. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या कारखान्यात यावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात रमले. आधी अभियांत्रिकीची पदवी पहिल्या वर्गात मिळवावी आणि मग हवे ते शिकावे, या अटीवर तडजोड झाली. भाभांनी १९३० मध्ये ती अट पूर्ण केली आणि ते सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळले. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणाचे त्यांनी मांडलेले गणित आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. बाह्य अवकाशातून येणारा एखादा वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला की त्यातून प्रकाशकण, त्यातून पुन्हा कणांच्या जोड्या, असा वर्षाव कसा होत जातो, याचा सिद्धान्त त्यांनी हाइटलर यांच्यासमवेत १९३७ मध्ये मांडला. येथवर त्यांचे विज्ञान कागद-पेन्सिलीचे होते आणि त्याला फारसा पैसा लागत नव्हता.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीचा मार्ग खुंटला. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या निमंत्रणावरून ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले. दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने तेथे विश्वकिरणांच्या संशोधनाचा एक छोटा विभाग सुरू झाला. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपताच परदेशी निघून जाणे त्यांना सहज शक्य होते. तथापि या पाच-सहा वर्षांत त्यांचा विचार बदलला. आपल्याला हवी तशी संस्था येथे नसेल तर ती उभारणे हेच आपले काम, असे त्यांनी ठरविले.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी टाटा विश्वस्त निधीचे अध्यक्ष सर सोराबजी सकलातवाला यांना एक पत्र पाठविले. हिरोशिमावर अणुबाँब पडण्यास तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक अवधी होता. मूलभूत भौतिकशास्त्राची एक उच्च दर्जाची संस्था भारतात असावी आणि पुढे-मागे अणुशक्तीचा वापर वीजनिर्मितीसाठी होऊ लागेल तेव्हा तज्ज्ञांसाठी देशाला बाहेर तोंड वेंगाडावे लागू नये, असा त्यातील युक्तिवाद होता. विश्वस्तांनी प्रस्ताव उचलून धरला. येथे एक गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून सुटता कामा नये. केवळ देणगीवर संस्था काढून भाभा थांबले नाहीत. मुंबई प्रांताच्या सरकारला त्यांनी आरंभापासून सहसंस्थापक करून घेतले. पहिल्या वर्षाचा खर्च ८०,००० रुपये धरला होता. त्यांपैकी ४५,००० टाटा निधीचे, २५,००० मुंबई सरकारचे आणि १०,००० वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम १ जून १९४५ रोजी बंगळुरात सुरू झाले आणि वर्षअखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' बंगल्याच्या अर्ध्या भागात आली. दानाने बीज पेरता येते, पण वृक्ष जगविण्यास राज्याच्या पाटाचे पाणी लागते, हे भाभांनी त्या वेळीच जाणले होते. पुढे १९५५-५६ च्या सुमारास भारत सरकार, मुंबई सरकार आणि टाटा निधी यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि संस्थेच्या खर्चाचा मुख्य भार केंद्राने उचलला.

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंच्या रूपाने भाभांना असा पंतप्रधान लाभला, की ज्याला विज्ञानाची महती पटवून द्यावी लागत नव्हती. १९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी १० ऑगस्टला अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. अध्यक्ष भाभा, सदस्य शांतिस्वरूप भटनागर आणि के. एस. कृष्णन. १९५४ मध्ये स्वतंत्र अणुऊर्जा विभाग निर्माण होऊन तो थेट पंतप्रधानांकडे राहिला. सचिव भाभाच, आणि कचेरी दिल्लीऐवजी मुंबईत. १९५८ च्या शासकीय ठरावाने तर आयोगाला, संसदेने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकाच्या मर्यादेत, केंद्र सरकारचेच प्रशासकीय व आर्थिक अधिकार दिले. एरवी एखाद्या विभागाला यंत्र घ्यायचे झाले की धारिका अर्थखात्याकडे जाते, शेरे घेऊन परत येते, पुन्हा जाते. येथे वित्ताची जबाबदारी पाहणारा सदस्य आयोगातच बसत असे आणि प्रश्न एकाच मेजावर सुटे.

निधी अखंड मिळण्याचे महत्त्व कोल्हापूरच्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. छत्रपती शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचा आरंभ केला, पण पैशाअभावी ते काम अर्धवट थांबले आणि पूर्ण होण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. अर्धे बांधलेले धरण निदान काही पाणी तरी अडवते. अर्धी बांधलेली अणुभट्टी काहीच देत नाही.

या व्यवस्थेला विरोधही झाला आणि तो क्षुद्र नव्हता. १९४८ च्या विधेयकावरील चर्चेत एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी त्यातील गुप्ततेच्या तरतुदींना हरकत घेतली. शांततामय उपयोगांसाठी एवढा पडदा कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शांततेचा आणि युद्धाचा उपयोग वेगळा कसा काढावा, हे आपल्यालाही नीट सांगता येत नाही, अशा आशयाची कबुली नेहरूंना द्यावी लागली. दुसरा आणि अधिक मूलगामी विरोध डॉ. मेघनाद साहा यांचा. कोलकात्यात टाटांच्याच साहाय्याने सायक्लोट्रॉन उभारण्यासाठी झगडलेले साहा १९५२ मध्ये लोकसभेत निवडून आले. अणुसंशोधन विद्यापीठांत रुजावे, आधी माणसे तयार व्हावीत, त्याचा कारभार उघडा असावा, असा त्यांचा आग्रह होता. १९५४ मध्ये त्यांनी तो लोकसभेतही मांडला. सारा निधी आणि सारे गुणी तरुण एका शहरातील एका विभागाकडे ओढले गेले तर विद्यापीठे केवळ परीक्षा घेणारी कार्यालये होतील, ही त्यांच्या भूमिकेतील खरी भीती होय.

भाभांनी या आक्षेपाला कृतीने काही अंशी उत्तर दिले. इमारत बांधून मग माणूस शोधण्यापेक्षा योग्य माणूस हेरून त्याच्याभोवती विभाग वाढू द्यावा, अशी त्यांची पद्धत होती. १९५७ मध्ये तुर्भ्याला प्रशिक्षणशाळा सुरू झाली. देशभरातील विद्यापीठांचे पदवीधर निवडून वर्षभर त्यांना तेथे शिकविले जाऊ लागले. आशियातील पहिली अणुभट्टी मानली जाणारी 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनहून आले होते, पण उभारणी भारतीय अभियंत्यांची होती. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली ४० मेगावॅटची 'सायरस' १९६० मध्ये सुरू झाली. तरीही साहांचा मूळ मुद्दा शिल्लकच राहतो, असे आमचे मत आहे. माणसे विद्यापीठांनी घडवावीत आणि ती तुर्भ्याने घ्यावीत, यात विद्यापीठांच्या पदरात काय पडले?

१९६२ हे वर्ष या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १५ जानेवारीला कुलाब्याच्या टोकाशी, समुद्राकाठी, टाटा संस्थेच्या देखण्या वास्तूचे उद्घाटन नेहरूंच्या हस्ते झाले. भाभांनी बागेतील झाडांपासून भिंतींवरील चित्रांपर्यंत प्रत्येक गोष्टीत लक्ष घातले होते. हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र तेथे आजही आहे. विज्ञानसंस्थेने सार्वजनिक पैशातून चित्रे का घ्यावीत, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण सुंदर परिसरात काम करण्याचा हक्क वैज्ञानिकालाही आहे, असे भाभा मानत आणि त्यांच्या या हौसेमुळे आधुनिक भारतीय चित्रकलेचा एक मोलाचा संग्रह देशाकडे राहिला, हेही खरे. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी केले. दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून पहिल्यांदाच पदवीकडे वळणाऱ्या पिढीसाठी हे विद्यापीठ होते. दोन्ही संस्था सार्वजनिक पैशाच्या, दोन्हींची गरज खरी. पण एकीचा निधी पंतप्रधानांच्या विभागातून येत होता आणि दुसरीला राज्याच्या अनुदानाची वाट पाहावी लागे.

भाभांचे सगळेच अंदाज खरे ठरले नाहीत. अणुवीज लवकरच स्वस्त आणि मुबलक होईल, हा त्यांचा विश्वास पुढील दशकांनी फारसा सार्थ केला नाही. देशाच्या एकूण विजेत तिचा वाटा आजही लहानच आहे. उलट, ज्या कामांतून विजेचा एक दिवाही लागणार नव्हता अशा कामांना त्यांनी दिलेला आश्रय अधिक फळला. गोविंद स्वरूप यांना त्यांनी परदेशातून बोलावून घेतले. त्यांची उटीची रेडिओ दुर्बीण आणि पुढे जुन्नर तालुक्यात खोडदजवळ उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या याच संस्थेच्या छत्राखाली साकारल्या. केरळातील थुंबा येथून १९६३ मध्ये झेपावलेला पहिला अग्निबाण विक्रम साराभाईंच्या कामाचा आरंभ होता. त्यालाही प्रारंभीचा आसरा अणुऊर्जा विभागानेच दिला.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीसाठी निघालेल्या भाभांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. ते ५६ वर्षांचे होते आणि अविवाहित होते. पुढील वर्षी, १२ जानेवारी १९६७ रोजी, तुर्भ्याच्या संस्थेला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले. त्यांनी घडविलेला विभाग मात्र त्यांच्या पश्चातही मोठ्या प्रयोगशाळांचा खर्च उचलत राहिला. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. त्या प्रकल्पाची धुराही अणुऊर्जा विभागाकडेच आहे.