युद्ध सरले, कारखाने राहिले

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातून २५ लाखांहून अधिक माणसे सैन्यात दाखल झाली. त्यांच्या जोडीला कापड, ताग, धान्य व पोलाद यांचाही अखंड ओघ रणभूमीकडे वाहत होता. त्याच्या मोबदल्याचा फार मोठा भाग लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने नोंदला गेला आणि येथील सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र टंचाई व महागाई आली. देशाने एवढे दिल्यावर देशात मागे काय उरावे, हा प्रश्न ज्यांनी कृतीने विचारला, त्यांत वालचंद हिराचंद अग्रभागी होते.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातील एका जैन व्यापारी कुटुंबात वालचंदांचा जन्म झाला. पेढीच्या व्यवहारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेतले आणि बांधकामाच्या धंद्यात पाय रोवले. पुढे भोर घाटातील बोगद्यांचे अवघड कामही त्यांच्या हातून झाले.

पहिल्या महायुद्धाने त्यांना समुद्राकडे वळविले. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी त्या युद्धात जखमी सैनिकांसाठी ‘लॉयल्टी’ हे इस्पितळ-जहाज सिद्ध केले होते. युद्ध संपताच वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकत घेतले. नव्या कंपनीला सिंदिया हे नाव मिळाले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. परंतु ब्रिटिश कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर पाडून या स्वदेशी कंपनीला जेरीस आणले. १९२३ साली झालेल्या कराराने तिला किनाऱ्यावरील वाहतुकीच्या मर्यादेत कोंडून घ्यावे लागले. परक्या सत्तेला देशी जहाज युद्धात हवे असते, व्यापारात नको असते, हा धडा वालचंद विसरले नाहीत.

१९३९ साली दुसरे युद्ध पेटले. अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात वालचंदांची विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली. चीनमध्ये विमानांचा कारखाना चालविणाऱ्या या अमेरिकी गृहस्थाच्या साह्याने हिंदुस्थानातही विमाने का बांधू नयेत, असा विचार त्यांनी केला. दिल्लीने प्रथम थंडपणा दाखविला. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर मात्र सरकारला जाग आली. म्हैसूर संस्थानाने बंगळूर येथे जमीन दिली व भांडवलात वाटा उचलला. शिवसमुद्रमची जलविद्युत, भद्रावतीचे लोखंड आणि टाटांच्या दातृत्वातून उभी राहिलेली विज्ञानसंस्था ही त्या प्रदेशाची पुंजी होती. समुद्रापासून दूर असल्याने ते स्थळ सुरक्षितही होते. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली आणि १९४१ सालीच तेथे जोडलेले पहिले विमान आकाशात झेपावले.

पण जपानचे सैन्य ब्रह्मदेशात शिरताच एप्रिल १९४२ मध्ये सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला. वालचंदांचा भाग विकत घेतला गेला. पुढे तेथे अमेरिकी हवाई दलाच्या देखरेखीखाली विमानांच्या दुरुस्तीचेच काम मुख्यत्वे चालले. विमानबांधणीचे स्वप्न मागे पडले. तरी यंत्रांवर बसलेला हात येथलाच होता व ते कसब येथेच राहिले.

जहाजबांधणीचीही अशीच कथा. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सिंदियाच्या गोदीची पायाभरणी झाली. त्या वेळी वैयक्तिक सत्याग्रहात काँग्रेसचे हजारो कार्यकर्ते तुरुंगात जात होते. साम्राज्याच्या युद्धाला सहकार्य नको म्हणणाऱ्या पक्षाच्या नेत्याने युद्धकाळातल्या गोदीचा पाया घालावा, यात वरवर विसंगती दिसते. पण युद्ध परक्यांचे असले, तरी गोदी आपली राहणार होती. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले आणि काम खोळंबले. तेथे बांधलेले ‘जलउषा’ पाण्यात उतरले ते १४ मार्च १९४८ रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते, स्वतंत्र भारतात.

मोटारींच्या बाबतीत तर सरकारने दारच उघडले नाही. लष्कराला वाहनांची निकड असतानाही येथील कारखान्याला मागणीची हमी मिळाली नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली खरी, पण तिच्या मोटारी रस्त्यावर आल्या त्या युद्ध संपल्यावरच.

वालचंद विरक्त नव्हते. त्यांना नफा हवा होता आणि सरकारी मागणीची शाश्वतीही हवी होती. मात्र रक्त, घाम व कच्चा माल देणाऱ्या देशाला कौशल्यही मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह नफ्याच्या हिशेबात मावणारा नव्हता. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा विमानांचा कारखाना सरकारचा झाला होता आणि १९५२ पासून गोदीही बव्हंशी सरकारच्या मालकीची होती. मालकी बदलली, पण जे उभे राहिले ते देशातच राहिले. लंडनमधील पौंडांची शिल्लक काही वर्षांत खर्ची पडली. बंगळूर व विशाखापट्टणम येथे शिकलेल्या हातांनी पुढच्या पिढीचे हात तयार केले. युद्धाने केलेल्या देण्याघेण्यात देशाच्या खात्यावर पडलेली ही जमा सर्वांत टिकाऊ ठरली.