डॉ. कार्टर वुडसन : बंदी घातलेल्या इतिहासाचे शिक्षक

अमेरिकेत २०२१ पासून ओक्लाहोमा, टेक्सास, टेनेसी, फ्लोरिडा अशा अनेक राज्यांनी सरकारी शाळांत वंशभेद कसा शिकवावा यावर निर्बंध घालणारे कायदे केले. आपल्या वंशामुळे विद्यार्थ्याने अपराधी वाटून घ्यावे, असे शिकवण्यास त्यांत मनाई आहे. ऐकायला हे निरुपद्रवी वाटते. पण गुलामगिरीचा धडा शिकवताना कोणते वाक्य अंगाशी येईल हे शिक्षकाला कळत नाही आणि तो गप्प बसतो. सत्य असे गाडले जाते. याच प्रवृत्तीशी शंभर वर्षांपूर्वी झुंजलेला महापुरुष म्हणजे डॉ. कार्टर वुडसन.

१९ डिसेंबर १८७५ रोजी व्हर्जिनियात त्यांचा जन्म झाला. आई-वडील दोघेही पूर्वीचे गुलाम. घरच्या दारिद्र्यामुळे वुडसन कोळशाच्या खाणीत राबले. तेथील ऑलिव्हर जोन्स हा कृष्णवर्णीय कामगार निरक्षर होता, पण त्याच्या घरी पुस्तके व वर्तमानपत्रे असत. कामगार जमत आणि वुडसन त्यांना वाचून दाखवत. इतिहासाची त्यांची पहिली शाळा हीच.

विसाव्या वर्षी ते हायस्कूलमध्ये दाखल झाले. १९०३ मध्ये केंटकीच्या बेरिया कॉलेजची पदवी मिळवली. पुढच्याच वर्षी त्या राज्याने काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवण्यावर कायद्याने बंदी घातली. तरीही वुडसन थांबले नाहीत. १९१२ मध्ये ते हार्वर्डचे डॉक्टरेट झाले. डू बॉइस यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय.

सत्ताधाऱ्यांची पाठ्यपुस्तके आपला इतिहास सांगणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. १९१५ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली, १९१६ मध्ये नियतकालिक काढले, १९२१ मध्ये स्वतःची प्रकाशन संस्था उभी केली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तोच हा काळ. १९२६ मध्ये वुडसन यांनी फेब्रुवारीत इतिहास सप्ताह सुरू केला. १९७६ पासून तो महिनाभर साजरा होऊ लागला.

व्यवस्था हे सहन करणार नव्हतीच. १९२५ मध्ये ओक्लाहोमातील मस्कोगी येथे शिक्षण मंडळाने त्यांच्या इतिहासग्रंथावर बंदी घातली आणि कृष्णवर्णीय शाळेच्या मुख्याध्यापकांना राजीनामा द्यावा लागला. त्याच ओक्लाहोमाने २०२१ मध्ये पुन्हा कायदा केला. त्यातील काही तरतुदींना २०२४ मध्ये न्यायालयाने स्थगिती दिली. पण शिक्षकांनी त्या काळीही वाट काढली होती. लुइझियानातील एक शिक्षिका टेबलावर सरकारी अभ्यासक्रम ठेवी आणि मांडीवरच्या वुडसन यांच्या पुस्तकातून मुलांना शिकवी.

आपल्याच माणसांचा तिरस्कार करायला शिकवणारे शिक्षण गुलामी पक्की करते, हा त्यांच्या १९३३ च्या ग्रंथाचा गाभा आहे. ते अविवाहित राहिले आणि सारे आयुष्य याच कार्याला दिले. ३ एप्रिल १९५० रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला होता. हे नाते जुने आहे. सरकारे बदलतात तशी पाठ्यपुस्तकेही बदलतात. म्हणून ज्या समाजाकडे स्वतःची ग्रंथालये, स्वतःची प्रकाशने आणि निर्भय शिक्षक असतात, त्याचा इतिहास कोणताही कायदा पुसू शकत नाही. प्रत्येक वस्तीतील बुद्धविहारात एक वाचनालय उभे राहिले, तर वुडसन यांना तेच खरे अभिवादन ठरेल.